जोडीचे बिल्ले

पहिलंच सांगून टाकते, बिल्ले मारायचं खूळ माझ्याच डोक्यातलं. मागनं कुणी म्हणायला नगं की विठाबाईनं दुसऱ्यावर ढकललं. मेंढीच्या कानात एक बिल्ला, तिच्या कोकराच्या कानात एक, आन दोघांचा नंबर एकच, हे सगळं मीच ठरवलं. का ठरवलं, ते मात्र आमच्या मालकास्नी मी खोटं सांगटलं.

त्याचं असं झालं. पोरीच्या बाळंतपणाला मी महिनाभर हुपरीत हुते. परत आले तवा आमचा तळ शिरोळच्या अंगाला पडला हुता, ऊस तुटून गेलेल्या रानात. ऊसवाले ह्या दिवसात मेंढरं रानात बसवून घेत्यात, खत हुतंय म्हणून. माझ्या माघारी तेवीस मेंढ्या व्याल्या हुत्या. तेवीस कोकरं, सगळी काळी, एका घाण्यातली भजी जशी. मेंढ्या मी ओळखते, बांडी कुठली, भुरी कुठली, काळतोंडी कुठली. खरं ह्यातलं कुठलं कोकरू कुणाचं, ते मला एकाचंबी सांगता येईना. माझा दीर बाळासो, त्योबी म्हणाला, "वैनी, मी दिसभर मेंढ्यांमागं रानात. कोकरांचं दादालाच इचार."

दादा म्हंजी आमचं मालक. केरबा धनगर म्हटलं की दहा गावात नाव. मेंढरू तोंडावरनं ओळखणारा माणूस. पहिलटकरीण मेंढी पाजायला आडून बसली, न्हायतर एखादं येडं कोकरू दुसरीच्याच कासेला लागून लाथा खायला लागलं, की मालक त्याला उचलणार आन नेमकं त्याच्या आईपाशी नेऊन सोडणार. कवा चुकलं न्हाईत.

आन ह्याच माणसानं, मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, वाघरीजवळच्या धोंड्याला म्हटलं, "टिप्या, ऊठ की रं, ऊन आलं." वाघर म्हंजी आमचं जाळीचं कुंपण, आन टिप्या आमचं कुत्रं. ते माझ्या पायापाशी भाकरीची वाट बघत बसलं हुतं.

मी हसले. मंग मालकांच्या डोळ्यांकडं बघितलं. त्या दिवसापासनं मी बघायला लागले. चहाचा कप घेताना हात आधी चाचपतोय. पाण्याच्या पाटावरनं उडी मारायची तिथं पाटातच पाय. मी म्हटलं, "अवो, कोल्लापूरला जाऊन डोळं दाखवूया की." तर अंगावर आलं, "माझी नजर घारीची हाय. तुझी दाखव!"

मला ठावं हाय का वरडत्यात ते. माझ्या सासऱ्याचं डोळं गेलं तवा सगळ्यांनी मिळून त्यास्नी घरात खाटल्यावर बसवलं. मेंढरं म्होरं गेली, म्हातारा मागं ऱ्हायला, आन मेंढरं परत यायच्या आत गेलाबी. मालकांनी त्याचा धसका घेतलाय. आंधळा धनगर म्हंजी खाटल्यावरचा धनगर, ही एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात.

आन माझ्या डोक्यात ट्रॅक्टर. त्या मंगळवारी तळ हलायचा हुता, जयसिंगपूरचा मोठा रस्ता ओलांडून. त्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून, वर गाणी ठणाणा लावून पळत्यात. कळपाच्या म्होरं कायम मालक असत्यात. दिसत नसंल तर काय? भाकरी थापताना तव्यावर मला ट्रॅक्टरच दिसायला लागला. सरळ बोलावं तर माणूस दोन दिस जेवायचा न्हाय. मंग मी आडवाटेनं गेले. म्हटलं, डोळ्याचं जवा पटंल तवा पटंल. तवर कोण कुणाचं ते निदान नंबरावरनं कळू दे, उद्या सगळं माझ्यावर पडलं तर कोकरं तरी उपाशी मरणार न्हाईत. आन मालकास्नी सांगटलं, "विम्याला लागत्यात बिल्ले."

"मार की मंग," म्हणालं. "मला काय."

बिल्ले आणायला मी संघप्रियाला संगं घेतलं. संघप्रिया म्हंजी त्या गावची पशुसखी, जनावरांचं औषधपाणी बघणारी पोरगी. येताना "जय भीम मावशी" म्हणती, मी "राम राम" म्हणते, आन मंग दोघी कामाला लागतो. हात हलका, जीभ तिखट. मला आवडती. तिच्याच स्कुटीवर बसून कोल्लापूर गाठलं. शिवाजी पेठेच्या अंगाला जनावरांच्या सामानाचं एक दुकान हाय, तिथं गेलो.

दुकानदारानं पहिले काढलेले बिल्ले बघून मला घामच फुटला. पानाएवढाले! म्हटलं, "दादा, हे म्हशीचं हाय काय?"

"चालतंय वो मावशी, कोकरू वाढतंय की."

"वाढस्तवर कान फाटंल त्याचा. तुझ्या पोराला तुझं पायताण घालतोस काय, वाढतंय म्हणून?"

मंग त्यानं बारके काढले. मी एकेक उचलून माझ्याच कानाच्या पाळीला धरून बघितला, कुडीच्या शेजारी, वजन कळाय. दुकानातली माणसं हसायला लागली. एक म्हणाला, "मावशी, शोभतोय की, घेऊनच टाका." म्हटलं, "तुला दिसला न्हवं? बास. मला दिसायलाच पायजे हुता." आन हे बोलल्यावर माझाच जीव गलबलला, कारण ज्याला दिसाय पायजे तो तळावर बसला हुता.

शेवटी संघप्रियानं शक्कल काढली. एकाच नंबराचे दोन बिल्ले एका रंगात मिळंनात. तर मेंढ्यास्नी पिवळे घ्यायचे, कोकरास्नी केशरी, दोन्ही पाकिटं एक ते पंचवीस. सात पिवळा असंल तिचं पोर सात केशरी. आंधळ्यालाबी कळंल, असं ती म्हणाली आन मी दुसरीकडं बघितलं.

रविवारी सकाळी लवकर येते म्हणाली हुती. कोकरं पीत असतानाच बघून बिल्ले मारायचे, म्हंजी चूक व्हायचीच न्हाय. खरं कुणाची तरी म्हैस आडली आन ती आली धा वाजता. तवर पाजणं उरकून मेंढ्या एका वाघरीत आन कोकरं दुसरीत झालेली. संघप्रिया म्हणाली, "मामा, परत एकदा सोडूया की आयांपाशी. बघून लावते."

मालक उसळलं. "चाळीस वर्सं मेंढरात गेली माझी. आन बघून ठरवायचं व्हय? तू मार बिल्ला. मी सांगतो कुणाचं कोण."

मी मधी तोंड घालायला पायजे हुतं. घातलं न्हाय. खरं सांगते, मला वाटलं, सांगू दे की, बरोबर सांगितलं तर माझीच भीती खोटी ठरंल. मला ती खोटी ठरायलाच पायजे हुती.

मेंढ्यांचं लगीच झालं. मी नाव सांगायची, संघप्रिया वहीत लिहायची, चिमट्यानं कट्ट करून पिवळा बिल्ला बसवायची. बाळासो मेंढ्या घेऊन रानात गेला. मंग कोकरं. कानातल्या दोन शिरांच्या मधी बिल्ला बसवायचा, शिरंला लागला तर रगत थांबत न्हाय. मालक कोकरू मांडीत घ्यायचं, पाठीवरनं हात फिरवायचं, मान वाकडी करून जरा थांबायचं आन म्हणायचं, "हे काळतोंडीचं." कट्ट. "हे पहिलटकरणीचं." कट्ट. पहिली पाच-सात झरझर झाली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला म्हणा.

खरं कान टोचलेली कोकरं बोंबलायला लागली. एकाचं ऐकून दुसरं, दुसऱ्याचं ऐकून सगळी वाघर. एकच गलका! मालक कोकरू कानाजवळ धरायला लागलं. कपाळावर घाम. "थांब जरा," म्हणालं एकदा. मंग म्हणालं, "भुरीचं. व्हय, भुरीचंच." संघप्रियानं माझ्याकडं बघितलं. मी वहीकडं बघितलं.

तेविसावं झालं तवा मालक उठून बांधावर जाऊन बसलं. बिडी पेटवायला तीन काड्या लागल्या.

संघप्रियानं जाताना सांगटलं, "जांभळं औषध लावलंय, तेवढं बास. वर कायबी लावू नका." तिची स्कुटी वळणाआड गेली आन मला माशा दिसायला लागल्या. एक माशी बसली की अळ्या पडल्याच. गेल्या साली आमच्या एका मेंढीचा अर्धा कान अळ्यांनी खाल्लेला. मी गप बसणारी बाई न्हवं. करंजेलाची बाटली काढली, फडकं भिजवलं आन तेवीसच्या तेवीस कोकरांस्नी चोळून चोळून लावलं. कान, डोकं, मान, उरलेलं पाठीलाबी. आमच्या आईनं सांगटलेलं, करंजेलाच्या वाऱ्याला माशी उभी ऱ्हात न्हाय. माशी काय, ते तेल उघडलं की माणूसबी नाक धरतंय.

दिस मावळायच्या सुमाराला मेंढ्या आल्या. ही येळ माझ्या लई आवडीची. लांबनं मेंढ्या वरडत्यात, इकडनं कोकरं वरडत्यात, वाघर उघडली की धूळ उडती, आन घटकाभरात सगळं गप. जिकडं तिकडं नुसत्या शेपट्या हलत्यात.

त्या दिवशी वाघर उघडली आन गप काय व्हईना. मेंढी कोकराजवळ यायची, डोकं हुंगायची, फुर्र करायची आन मागं सरायची. कोकरू कासेकडं गेलं की ढुशी. बांडीनं तर एकाला उडवूनच दिलं. सगळ्यात बारकं एक पिल्लू हुतं, बारा नंबर, त्याला तीन मेंढ्यांनी हाणलं. ते मान टाकून बसलं ते उठंना. सकाळपासनं पोटात कायबी न्हाय त्याच्या.

बाळासो नाक धरून म्हणाला, "वैनी, काय फासलंयस गं ह्यास्नी?"

तेवीस कोकरं मी माझ्या हातानं आयांपास्नं तोडली, एवढंच मला सुचत हुतं. मालक बांधावरनं वरडलं, "विठे, आवाज का बसंना? काय झालं?" मी म्हटलं, "काय न्हाय, बसतोय आता." आन फोन लावला.

संघप्रिया आली तवा उजेड हुता, मागनं बॅटरीवर काम चाललं. आल्या आल्या हुंगलं आन कपाळावर हात मारला. "मावशी! मेंढी वासानं वळखती वो पोराला. तुमी सगळ्यास्नी एकाच गावचं करून ठेवलंय."

"बोल मंग, काय करू? शिव्या मागनं दे."

"बेसन हाय काय?"

पिठल्यासाठी ठेवलेलं सगळं बेसन मी काढलं. चुलीवर पाणी कोमट केलं. एकेक कोकरू धरायचं, कान सोडून बाकी बेसनानं चोळायचं, धुवायचं, पुसायचं. कानाला निस्तं वलं फडकं. मंग वहीतला नंबर बघून त्याच नंबराच्या मेंढीचं चार थेंब दूध काढायचं, कोकराच्या डोक्याला आन शेपटीला लावायचं आन तिच्या नाकाखाली धरायचं. पहिली काळतोंडी. हुंगलं, परत हुंगलं, आन चाटायला लागली. मी तिथंच तिच्या पाया पडले, खोटं न्हाय सांगत.

चौदा कोकरं अशी लागली. आन नऊ लागंनात.

सातला सातचं दूध लावलं, भुरी ढुशी मारती. बाराला बाराचं लावलं, बांडी फुर्र करती. परत धुतलं, परत लावलं. तेच. बारा नंबर माझ्या मांडीत थंड पडायला लागलं. मी म्हटलं, "संघप्रिया, वास ऱ्हायलाय अजून. माझंच पाप हाय."

ती कोकराचं डोकं हुंगून म्हणाली, "वास गेलाय मावशी." मंग भुरीकडं बघितलं. "दूध पुसा आन नऊच्या नऊ सोडा. मेंढ्याबी सोडा. नंबर बघू नका. त्यांचं त्यास्नी शोधू द्या."

सोडली. भुरीनं मान वर करून साद घातली, आन माझ्या मांडीतलं बारा नंबर, जे मान टाकून पडलं हुतं, ते कान हलवायला लागलं. बें केलं. धडपडत उठलं, पडलं, परत उठलं आन सरळ भुरीच्या कासंला गेलं. भुरीनं हुंगलं आन पाय फाकवून उभी ऱ्हायली.

पिवळा सात. केशरी बारा.

तिकडं बांडीखाली सात नंबर. पलीकडं पिवळा एकोणीस, केशरी चार. मी एकेकाचे नंबर बघत फिरले. नऊच्या नऊ भलतीकडंच, आन नऊच्या नऊ शेपट्या हलवत पीत हुती. सगळं रान गप झालं. संघप्रियानं वही मिटली. माझा दंड धरला. माझी भीती खरी हुती. करंजेलानं निस्ता वास झाकला नव्हता, मालकांची चूकबी घटकाभर झाकून ठेवली हुती.

मालक बांधावरनं म्हणालं, "जुळली न्हवं सगळी?"

"जुळली," मी म्हटलं.

"नंबर बरोबर?"

"बरोबर."

संघप्रिया आन बाळासो दोघंबी चुलीकडं गेले. मी जाऊन मालकांशेजारी बसले. मंग त्यांनीच तोंड उघडलं.

"विठे, खोटं बोलायला तुला जमत न्हाय. सगळ्यात बारकं ते पिल्लू मी बांडीच्या नावावर लावलं हुतं. आत्ता ते भुरीपाशी जाऊन वरडलं. मला ऐकू येतंय की. किती चुकली?"

"नऊ."

"नऊ." त्यांनी बिडी विझवली. "सगळी एकाच सुरात बोंबलत हुती सकाळी. एकाचाबी आवाज निराळा कळंना. रोज आवाजावरच भागत हुतं माझं."

"कवापासनं?"

"दसऱ्यापासनं. तोंडं दिसत न्हाईत. नुसतं धुकं दिसतंय."

मला एवढा राग आला! दसऱ्यापासनं हा माणूस ट्रॅक्टरच्या रस्त्यानं मेंढरांच्या म्होरं चालतोय, नुसता कानावर. मी म्हटलं, "मेला असतासा की वो! मला एका शब्दानं सांगायचं नव्हतं?" आन मी रडायला लागले. मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायला बघितला, त्यो पदरावर पडला.

"बिल्ले विम्याला न्हवते, व्हय?" ते म्हणालं.

"न्हवते."

"मला वाटलंच. विम्याला दोन रंग कशाला?" मंग म्हणालं, "उरलेत काय त्यातले?"

"चोवीस आन पंचवीस."

"मंग चोवीस काढ. पिवळा तुझ्या कानात, केशरी माझ्या. कुठं चुकलो तर कुणीबी आणून सोडंल, ह्यो हिचा हाय म्हणून."

मी हसले आन रडले, दोन्ही एकदम. म्हटलं, "नगं. मला तुमचा आवाज कळतोय. तेवढा देत ऱ्हावा म्हंजी झालं. आन बेस्तरवारी डोळ्याच्या दवाखान्यात जायचं. खाटल्यावर बसवणार न्हाय तुमास्नी, बिरोबाची आण."

हातातली काठी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "मंगळवारी म्होरं तू हो," म्हणालं. "मी मागनं येतो."

मंगळवारी सकाळी तळ हलला. नऊ कोकरांचे बिल्ले संघप्रिया कानाची जखम भरल्यावर बदलून देणार हाय, तवर वहीतच दुरुस्ती. म्होरं मी, काठी माझ्या हातात. मधी बाळासो आन सामान लादलेली घोडी. मागं मालक, टिप्याच्या गळ्यातली दोरी धरून. जन्मात पहिल्यांदा मी कळपाच्या म्होरं हुते, आन माझं सगळं ध्यान मागं हुतं. धा पावलं गेली की मी वरडायची, "हाय न्हवं?" आन मागनं यायचं, "हाय की!"

मोठा रस्ता आला. दोन्हीकडं बघितलं, हात वर केला, मेंढरं घातली. निम्मी पलीकडं गेली न्हाईत तवर आला ट्रॅक्टर, ऊस भरलेला, गाणी फुल्ल. मी आडवी झाले, काठी उगारली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, खरं गाणं काय बंद केलं न्हाय. मी वरडले, "हाय न्हवं?" गाण्यात माझाच आवाज मला ऐकू येईना. धूळ एवढी, मागचं कायबी दिसंना. परत वरडले. कायबी न्हाय. मी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर काठी हाणली आन बोंबलले, "बंद कर मुडद्या ते!"

त्यानं गाणं बंद केलं. सगळा रस्ता गप झाला. नुसत्या खुरांचा आवाज.

आन धुळीतनं, कळपाच्या पार मागनं, वैतागून आवाज आला, "हाय की गं! किती वरडतीस! चल म्होरं!"

मी चालायला लागले.